सोपटाची गाठ

चंद्रकांता मोगऱ्याच्या पुड्या बांधत बसली होती तेव्हा पडवीत फोन वाजला. आत्माराम केळींच्या बुंध्याशी मूठ मूठ युरिया टाकत होता, तो घमेलं तसंच सोडून धावत आला. कानांनी अर्धं काम सोडलं होतं, पण घरातला फोन आपणच घ्यायचा हा त्याचा हट्ट होता. त्यानं फोन आधी उलटा लावला, मग सुलटा केला, आणि नुसतं "हां, हां" करत राहिला. मग खाली ठेवून बहिणीकडे न बघताच म्हणाला, "पोरीच्या बेंबीतून परत रगत आलं."

चंद्रकांतानं हातातली पुडी पुरी केली. केळीच्या पानात कळ्या, वरून सोपटाचा दोरा, दोन वेढे, अंगठ्याखालून एक गाठ. केळीच्या खोडाचं साल, म्हणजे सोपट, उन्हात सुकवून त्याचे दोरे ती स्वतः काढायची. नाळे गावातल्या या वाडीतून दादरच्या फुलबाजारात जाणारी एकही पुडी वाटेत सुटली नव्हती, हे तिथले व्यापारीसुद्धा सांगत. घरात मात्र तिच्या गाठीचं कौतुक कोणी करत नसे. त्याला कारण होतं.

पोरगी आठ दिवसांची होती. आत्मारामचा मुलगा स्वरूप, त्याची बायको हेमांगी, आणि त्यांची ही पहिली मुलगी. विरारला मनवेलपाड्याच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात जन्मली, चौथ्या दिवशी घरी आली. सहाव्या दिवशी नाळ पडली आणि दुपट्यावर सुपारीएवढा लाल डाग दिसला. तो वाढत गेला तशी सगळी पुन्हा हॉस्पिटलात पळाली. डॉक्टरांनी टाका घातला, रक्त थांबलं, सगळ्यांनी श्वास सोडला. आणि आता हा फोन.

पाचव्या दिवशी, आत्मारामची बायको जयवंती अंघोळीला गेली असताना, हेमांगीनं पोर चंद्रकांताच्या मांडीवर दिलं होतं. "आत्या, घ्या की. किती दिवस लांबून बघणार?" हेमांगीला घरातल्या जुन्या गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. जयवंती ओल्या केसांनी बाहेर आली, पाहिलं, आणि काही न बोलता पोर उचलून घेऊन गेली. ते न बोलणंच चंद्रकांताला दोन दिवस पुरलं होतं.

तिनं डबा भरला. भात, वालाचं बिरडं, हेमांगीसाठी वेगळी पेज. डब्याला फडकं, फडक्यावर सोपटाचा दोरा, आणि रिक्षा धरून ती हॉस्पिटलात गेली. जयवंती जिन्यातच भेटली. साठीची बाई, दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती.

"वन्सं, डबा हितंच द्या. तुम्ही वर येऊ नका."

"नाय येत. पोर कशी हाय?"

"हाय तशी हाय," जयवंती म्हणाली आणि डबा घेऊन वर गेली.

चंद्रकांता तळमजल्यावरच्या बाकावर बसली. परत वाडीत जाऊन करायचं काय? दुपारच्या कळ्या अजून घट्ट होत्या, विहिरीचं पाणी मार्च लागल्यापासून मचूळ झालं होतं आणि ते दादाच बघत होता. समोर काचेचं दार, त्यावर लाल अक्षरांत 'रक्त तपासणी'. आत पन्नाशीचा एक माणूस नळ्या हलवत होता. तो मधूनच बाहेर आला, जिन्याकडे बघून म्हणाला, "मघाशी डबा तुमचा होता ना? सोपटानं बांधलेला? कुठल्या वाडीतल्या?"

"नाळ्याच्या."

"मी वॉल्टर, गासचा. आमची मम्मी भाजीची जुडी अशीच बांधायची. आता सगळीकडे रबर."

वाडीचा माणूस भेटला की चंद्रकांताचं तोंड सुटायचं, आणि प्रश्न विचारायची खोड तर तिला लहानपणापासून. कळी उकलायच्या आधी आत काय असतं हे बघायला तिनं एकदा अख्खी परडी सोलून ठेवली होती आणि बापाचा मार खाल्ला होता. आता ती दाराच्या चौकटीत उभी राहिली.

"या निळ्या बुचाच्या नळीत आधीच कायतरी घातलेलं दिसतं."

"ते रक्त गोठू नये म्हणून. मग आम्ही आम्हाला पाहिजे तेव्हा गोठवतो आणि किती सेकंद लागले ते मोजतो."

"का?"

"रक्त गोठायला बारा-तेरा वेगवेगळ्या वस्तू लागतात. फॅक्टर म्हणतात त्यांना, प्रत्येकाला नंबर. एक जरी कमी असला तरी गाडी अडते. जास्त सेकंद लागले की समजायचं, कोणीतरी गैरहजर आहे."

"आमच्या पोरीला किती लागले?"

वॉल्टरनं हसून मान हलवली. "खरं म्हणजे मी सांगायचं नसतं. पण तुम्ही सोडणार नाही असं दिसतंय. बरोबर वेळेत गोठतंय. दोनदा केलं."

"गोठतं, तर मंग वाहतं कशाला?"

"हेच मॅडम पण सकाळपासून विचारतायत," वॉल्टर म्हणाला.

मॅडम म्हणजे मुलांच्या डॉक्टर विनिता. त्या थोड्या वेळानं खाली आल्या त्या घाईनंच. चंद्रकांता परत बाकावर जाऊन बसली. डबेवाल्या बाईकडे लक्ष द्यायला डॉक्टरना सवड नव्हती.

"वॉल्टर, प्लेटलेट?"

"नॉर्मल, मॅडम. सगळंच नॉर्मल."

"मला पटत नाही. टाका नीट आहे, व्हिटॅमिन दिलंय, आणि टाक्याच्या बाजूनं परत येतंय. आज बेंबी आहे, उद्या डोक्यात रक्त आलं तर हातात काही राहणार नाही. मी घरच्यांना दोनदा विचारलं, घरात कोणाला असं झालंय का, कोणी मूल लहानपणी गेलंय का. आजी म्हणाल्या, नाही. कोणीच नाही."

चंद्रकांताला ते ऐकू आलं. जयवंती खोटं बोलली नव्हती. घरातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. अडतीस वर्षांपूर्वी जयवंतीचा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला, पण तो आजारानं गेला नव्हता. तो चंद्राच्या हातानं गेला होता. मग आजारपणाच्या हिशेबात त्याला कोण धरणार?

तेव्हा चंद्रकांता तेवीस वर्षांची होती, नवरा गेल्यावर माहेरी येऊन वर्ष झालेलं. श्रावणातला सोमवार, वाटेवर गुडघाभर पाणी, सुईण पोचलीच नाही. पोर बाहेर आलं ते चंद्राच्या हातात. नवं पातं तिनं उकळत्या पाण्यात धरलं, हळदीच्या पाण्यात भिजवलेलं सोपट घेतलं आणि नाळ बांधली. सगळी म्हणाली, चंद्रा, शाबास. नाळ पडल्यावर रक्त आलं, तेव्हा त्याच तोंडांनी म्हटलं की गाठ ढिली पडली. पोर गेल्यावर चंद्राच्या हाताला गुण नाही हे कायमचं ठरून गेलं. पुढं स्वरूप दवाखान्यात जन्मला. आत्या असून तिला त्याला दीड वर्षांचा होईपर्यंत उचलता आलं नाही. गावात कोणाची बाळंतीण घरी आली की चंद्रकांता आपण होऊन दुसऱ्या वाटेनं जायची.

आणि आता डॉक्टरना सांगायचं म्हणजे त्या गाठीबद्दल सांगायचं. अनोळखी बाईसमोर, वॉल्टरसमोर, ज्यानं घटकेपूर्वी त्याच गाठीचं कौतुक केलं होतं. तिला फार लाज वाटली. पण वर आठ दिवसांचं पोर होतं, आणि तिच्या मनात तो मघाचा प्रश्न अजून टोचत होता: गोठतं, तर वाहतं कशाला? ती उठून उभी राहिली.

"मॅडम, घरात एक झालंय. ते कोनी सांगनार नाय, कारन ते माज्या हातानं झालंय."

विनिता मॅडम थांबल्या. चंद्रकांतानं सांगितलं. खाली बघत, पण सगळं सांगितलं. पातं, हळद, सोपट, काही वगळलं नाही.

"नाळ कितव्या दिवशी पडली?"

"पाचव्या."

"रक्त लगेच आलं?"

"त्याच दिवशी आलं. मी हळद दाबून धरली, थांबलं. वहिनी पेज जेवल्या. दुसऱ्या दिवशी परत."

"म्हणजे थांबलं आणि दुसऱ्या दिवशी परत? नक्की आठवतं?"

"मॅडम, मला दुसरं कायच आठवत नाय."

डॉक्टर तिच्याकडे पुरत्या वळल्या. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "गाठ सुटली होती का?"

चंद्रकांतानं पहिल्यांदा वर बघितलं. अडतीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "नाळ पडली ना, तिच्याबरोबर सोपट पडलं. मी उचलून बघितलं. गाठ तशीच होती. नखानंपन सुटली नसती. पन मंग मला वाटलं, लोक एवढं म्हनतात तर माजंच बघायचं चुकलं असंल."

विनिता मॅडमनी वॉल्टरकडे बघितलं. "तेरा नंबर?"

"त्याच्यात आपल्या या सगळ्या टेस्ट नॉर्मलच येतात, मॅडम," वॉल्टर हळू म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय. युरिया आहे ना? मी आत्ता नमुना काढून पाठवते. आणि नमुना काढला की मी प्लाझ्मा चढवणार आहे, तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही." त्या जिन्याकडे वळल्या आणि मागं फिरून म्हणाल्या, "मावशी, बरं झालं बोललात."

"युरिया?" चंद्रकांता वॉल्टरला म्हणाली. "आमचा दादा केळींना घालतो तो?"

"तोच. आमचा जरा स्वच्छ असतो एवढंच."

आता तिला बाकावर बसवेना. वॉल्टरनं तिला आत घेतलं नाही, पण दाराच्या काचेला नाक लावायला मनाई केली नाही. आधी त्यानं आतल्या मदतनीस मुलीला बोलावून स्वतःच्या दंडातून रक्त काढून घेतलं. चांगलं रक्त शेजारी असल्याशिवाय वाईट ओळखता येत नाही, असं त्यानं काचेतून खुणा करत सांगितलं. मग ती नळी आणि वरून आलेली पोरीची नळी, दोन्ही यंत्रात फिरल्या, वरचं पिवळसर पाणी वेगळं निघालं, त्यात त्यानं थेंब थेंब काहीतरी घातलं आणि नळ्या ऊबेत ठेवल्या. अर्ध्या तासानं बाहेर काढल्या तेव्हा दोन्हींत एक एक गोळा होता, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईच्या तुकड्यासारखा. दोन्ही सारखेच. चंद्रकांता दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि तिला पोरीचा गोळा कुठला ते ओळखता आलं नाही. वॉल्टरनं ते युरियाच्या पाण्यात सोडले, डावा पोरीचा अशी बोटानं खूण केली आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली.

"आता?" ती दाराच्या फटीतून म्हणाली.

"आता बघत बसायचं. चांगला गोळा उद्यापर्यंत तसाच राहतो."

"आनि वाईट?"

वॉल्टरनं नळ्या उजेडाकडे सरकवल्या.

जयवंती पाण्याची बाटली भरायला खाली आली तेव्हा नणंद काचेला चिकटलेली तिला दिसली.

"मॅडम वर विचारत होत्या," ती म्हणाली. "पहिल्याचं. तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही नको म्हनला असता."

जयवंती बाटली भरून परत जाणार होती, पण गेली नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "पिशवी लावली पोरीला. पिवळं पानी कसलं तरी. सुई लावताना रडलीपन नाय फार." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय बघताय एवढं?"

"दोन नळ्या हाएत. डावी आपली."

मग दोघी बघू लागल्या. एका दाराच्या काचेशी दोन म्हाताऱ्या, एकीच्या पदराला मोगऱ्याचा वास, दुसरीच्या पदराला औषधाचा. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. डाव्या नळीतल्या गोळ्याच्या कडा आधी पातळ झाल्या. मग तो लहान झाला, मग एक धूसर चिंधी राहिली, आणि जेवणाची वेळ टळायच्या आत तीही गेली. उजवीकडे वॉल्टरचा गोळा मजेत बसला होता.

"गेला," जयवंती म्हणाली. "म्हंजे काय?"

वॉल्टर दोन्ही नळ्या घेऊन बाहेर आला. विनिता मॅडमना त्यानं फोन केला होता, त्या येईपर्यंत त्याला धीर नव्हता किंवा चंद्रकांताच्या डोळ्यांसमोर गप्प राहणं त्याला जमलं नाही.

"रक्तात जखमेवर धागे होतात," तो म्हणाला. "बारीक, जाळ्यासारखे. पोरीचे धागे चांगले होतात, वेळेवर होतात. पण धाग्याला धागा बांधायला शेवटी एक जण लागतो, तो तेरा नंबरचा. तो हिच्यात नाही. मग जाळं बसतं, रक्त थांबतं, आणि एका दिवसात जाळं सैल होऊन सुटतं. गाठ मारणारा नाही ना."

चंद्रकांता त्या रिकाम्या नळीकडे बघत होती. "आतल्या आत गाठच नाय?"

"नाही."

"मंग वरून कोनी कशीपन बांधली असती तरी?"

"कशीही," मागून विनिता मॅडमचा आवाज आला. "सोपटानं, रेशमानं, नाहीतर आम्ही घालतो त्या टाक्यानं. तुमचं ते बाळ याच दुखण्यानं गेलं असणार. त्याची तपासणी आता होऊ शकत नाही, पण मला शंका नाही. त्याची गाठ चांगली होती, मावशी. त्याच्या रक्तात नव्हती."

चंद्रकांताला वाटलं होतं, असं काही कधी कानावर आलं तर आपण रडू किंवा ओरडू. तसं काही झालं नाही. तिनं नुसते दोन्ही हात उलटे करून बघितले, कोणाचे आहेत हे विचारावं तसे.

"हिला हाय का त्याच्यावर कायतरी?" तिनं विचारलं.

"आहे. जे नाही ते महिन्यातून एकदा बाहेरून द्यायचं. चार आठवडे पुरतं. चढवल्यापासून बेंबी कोरडी आहे, पण मी उद्याही बघणार आहे. मोठा नमुना मुंबईला पाठवते, नक्की आकडा येईल. पडण्याझडण्याची काळजी घ्यावी लागेल, कायमची. पण जगेल, शाळेत जाईल." डॉक्टरनी कागद काढला. "हे आई आणि बाप दोघांकडून अर्धं अर्धं यावं लागतं. एकाकडून आलं तर त्या माणसाला पत्ताही लागत नाही. हेमांगी तुमच्या नात्यातली आहे का?"

जयवंतीनं पदराचं टोक मुठीत धरलं. हेमांगी तिच्या चुलतभावाची लेक. स्वरूपसाठी तीन मुली आल्या होत्या, त्यातून आपल्या माहेरची म्हणून जयवंतीनंच हट्टानं हिला आणली होती.

"माज्याकडचीच," ती म्हणाली. "मीच आनली. पहिलापन माज्यातून गेला, आनि हिलापन मीच..."

अडतीस वर्षं जे ओझं चंद्रकांताच्या मानेवर होतं ते आता समोर, तिच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या बाईच्या मानेवर बसत होतं. कधीकाळी, चुलीपुढं, पुड्या बांधताना, चंद्रकांतानं याची कल्पना करून मनातल्या मनात मजा घेतली होती. आता बघताना तिला ते जरासुद्धा आवडलं नाही.

"अर्धं म्हनाल्या ना मॅडम?" ती म्हणाली. "मंग अर्धं आमच्या दादाकडचं. माज्यातपन असंल. काय मॅडम?"

"असू शकतं."

"बघा. तुमचं एकटीचं कुठनं? चला वर, हेमांगी उपाशी असंल."

'चला' म्हणून ती थबकली, कारण वर जायची तिला परवानगी नव्हती. जयवंती दोन पायऱ्या चढली, मागं वळून बघितलं, आणि रागावल्यासारखी म्हणाली, "आता काय बोलावनं पाठवू?"

मुंबईचा आकडा आठवड्यानं आला. तेरा नंबर जवळजवळ नव्हताच. आत्मारामला हे सगळं समजवायला स्वरूपला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि शेवटी त्याच्या ध्यानात राहिलं ते इतकंच की डॉक्टरांनी युरिया वापरला. केळीला घालताना तो आता गोणीकडे जरा आदरानं बघू लागला.

बारसं बाराव्या दिवशी होणं शक्यच नव्हतं. पोरीला दुसऱ्यांदा चढवून आणल्यावर, एप्रिलच्या मध्याला, ठरलं. स्वरूपला बहीण नाही, तेव्हा कानात नाव सांगायला शेजारच्या गावातली लांबची एक नणंद बोलवायची असं आधी बोलणं झालं होतं. बारशाच्या सकाळी चंद्रकांता नेहमीसारखी मोगऱ्याच्या वाफ्याशी बसली होती. त्या दिवशी पुड्या जास्त होत्या, घरच्या माळांसाठी कळ्या वेगळ्या काढायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर घरातल्या गर्दीत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. सवय एका महिन्यात जात नाही.

जयवंती वाफ्यांमधल्या पाटावरून आली. काखेत पोर.

"हात पुसा," ती म्हणाली.

चंद्रकांतानं लुगड्याला हात पुसले. जयवंतीनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि या वेळी उचललं नाही. समोर, पाटाच्या कडेवर, स्वतः बसली. पोरीनं मूठ उघडली, एक कळी धरली, सोडली. बेंबी सुकून आत गेली होती.

"त्या बाईला येऊ नको सांगितलं मी," जयवंती म्हणाली. "हेमांगीनं अनुष्का ठरवलंय. तुम्हीच सांगा कानात."

"बरं."

लांबून हेमांगी हाका मारत होती, भटजी आले म्हणून. जयवंती उठली नाही. ती पोरीकडे बघत नव्हती, मोगऱ्याकडेही नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "तो बाराव्या दिवसापर्यंत राहिला असता, तर त्याच्या कानात तुम्ही काय सांगनार होता?"

हे नाव चंद्रकांतानं अडतीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं नव्हतं कोणी. पोर गेल्यावर त्याला सगळे 'पहिला' म्हणत, आणि तेही क्वचित. तिनं पोरीचं डोकं नीट हातावर घेतलं.

"शंकर," ती म्हणाली. "सोमवारचा होता ना."

जयवंतीनं मान हलवली. मग तिनं ते नाव स्वतः एकदा म्हणून बघितलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला उठवू नये अशा आवाजात.